एकाच पीएचपी स्क्रिप्टमधून दोन अपडेट क्वेरी कशा चालवायच्या?
सेमीकोलनने जोडलेल्या दोन अपडेट क्वेरी मायएसक्यूएलआयच्या (पीएचपीला मायएसक्यूएल डेटाबेसशी जोडणारं एक्स्टेन्शन) साध्या क्वेरी फंक्शनला दिल्या की १०६४ एरर (सिंटॅक्सची चूक) येणारच; ते एका वेळी एकच स्टेटमेंट घेतं. मल्टी-क्वेरीच्या (अनेक क्वेरी एकदम पाठवणारं फंक्शन) नादी लागू नका. त्यात प्रिपेअर्ड स्टेटमेंट (आधी तयार करून मग व्हॅल्यू देऊन चालवायची क्वेरी) चालत नाही, शिवाय सगळे रिझल्ट वाचून संपवले नाहीत तर पुढच्या क्वेरीला 'कमांड्स आउट ऑफ सिंक' येतं.

त्यापेक्षा ट्रान्झॅक्शन सुरू करा, प्रत्येक अपडेट वेगळं प्रिपेअर करून एक्झिक्यूट करा, मग कमिट (सगळे बदल पक्के), एरर आली तर कॅचमध्ये रोलबॅक (सगळे बदल रद्द). लूप असेल तर प्रिपेअर बाहेर, आत फक्त एक्झिक्यूट.

पीएचपी ८.१ च्या आधी एक्सेप्शन आपोआप येत नाही. एररवर एक्सेप्शन देणारा मायएसक्यूएलआय रिपोर्ट मोड चालू करा, नाहीतर दुसरं अपडेट फसलं तरी पहिलं कमिट होऊन बसतं. टेबलचं स्टोरेज इंजिन इनोडीबीच हवं. मायआयसॅम इंजिनवर रोलबॅकने काहीही परत फिरत नाही.