वाचकांचे प्रश्न : आयत काढला, त्रिकोण आला!

ऑटोकॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, त्याच्या बेसिक कमांडवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर ढीगच आला. बहुतेकांचं रडगाणं एकच, कमांड पाठ आहेत पण स्क्रीनवर भलतंच येतं. त्यातले काही घेतलेत. आणि हो, इथे आकडे मराठीत छापले असले तरी टाइप करताना कीबोर्ड इंग्रजीवरच ठेवा.

प्रश्न : मी आयटीआय करून हिंगणा एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये लागलो, संध्याकाळी कॅडच्या क्लासला जातो. तिथे १२० बाय ८० ची प्लेट काढायला शिकवली. लाइन कमांड, मग ०,० मग १२०,० मग ०,८० मग -१२०,० आणि शेवटी सी, म्हणजे क्लोज. क्लासमध्ये मस्त आयत येते. घरी लॅपटॉपवर सेम टू सेम टाइप केलं तर त्रिकोण येऊन राहिला! क्लासमध्ये विचारलं तर म्हणते लॅपटॉप फॉरमॅट मार. खरंच मारू का?
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : अजिबात नका मारू भाऊ, लॅपटॉप ठणठणीत आहे. एफ१२ दाबा आणि परत तेच टाइप करा, आयत येईल.

आता हे काय झालं ते बघा, कारण हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं कॅड आलं. एफ१२ ने डायनॅमिक इनपुट चालू-बंद होतं, म्हणजे कर्सरच्या बाजूला जो छोटा डबा येतो ना आकड्यांचा, तो. तो चालू असला की पहिला पॉइंट सोडून पुढचा प्रत्येक आकडा सॉफ्टवेअर "आत्ता जिथे आहेस तिथून एवढं पुढे" असा धरतं. तो बंद असला की तेच आकडे मूळ ०,० पासून मोजले जातात. तुमच्या घरी तो बंद आहे. मग झालं काय, १२०,० पर्यंत ठीक, तिथून ०,८० म्हटल्यावर रेघ वर न जाता तिरपी होऊन थेट वाय अ‍ॅक्सिसवर ८० ला गेली, तिथून -१२०,० म्हणजे शून्याच्या डावीकडे उतरली, आणि सी मारल्यावर सुरुवातीला येऊन मिळाली. तळ २४० चा आणि उंची ८० चा झक्कास त्रिकोण. मोजून पाहा, एवढाच असेल. सॉफ्टवेअरने तुमचं ऐकलं, अगदी शब्दशः ऐकलं.

कुठल्याही मशीनवर चालेल अशी सवय लावायची तर आकड्याच्या आधी @ टाका. पहिला ०,० तसाच, मग @१२०,० मग @०,८० मग @-१२०,० मग सी. @ म्हणजे "मागच्या पॉइंटपासून", डबा चालू असो की बंद, फरक पडत नाही. तिरपी रेघ हवी असेल तर @५०<३०, म्हणजे ५० लांबी आणि ३० अंशाचा कोन, आणि कोन उजवीकडच्या आडव्या रेघेपासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजायचा. सरळच रेघा असतील तर एवढंही नको, एफ८ ने ऑर्थो चालू करा, म्हणजे रेघ आडवी नाहीतर उभीच जाते, माउस उजवीकडे न्या, १२० टाइप करा, एंटर.

प्लेट झाली की त्याच्यावरच पुढचं शिकून घ्या. कोपऱ्यापासून दोन्हीकडून १५ वर १२ चं भोक पाडायचंय समजा. नव्याने सी एंटर (इथे सी म्हणजे सर्कल), सेंटर १५,१५ आणि मग नुसतं १२ टाकलंत तर भोक २४ चं होणार, कारण सर्कल आधी रेडियस मागतं. डी एंटर करून मग १२ टाका. वर्कशॉपमध्ये आपण भोक डायमीटरनेच बोलतो ना, म्हणून नवे लोक इथे हमखास फसतात. बाकी तीन भोकं कॉपीने, सीओ एंटर, भोक निवडून एंटर, सेंटरवर क्लिक, मग @९०,० मग @९०,५० मग @०,५० (कॉपीत @ दर वेळी त्या क्लिक केलेल्या सेंटरपासूनच मोजतात). कोपरे गोल करायला एफ (फिलेट) एंटर, आर एंटर, १० एंटर, मग एम एंटर आणि एकेका कोपऱ्याच्या दोन्ही रेघांवर क्लिक, म्हणजे कमांड परत न देता चारही कोपरे एका दमात होतात.

आणि हे सगळं पाठ करायची गरज नाही बरं का. खाली जी कमांड लाइन असते ती वाचायची. पुढे काय पाहिजे ते ती दर वेळी विचारते, चौकोनी कंसात पर्याय देते, त्यात जे अक्षर मोठं असतं तेच टाइप करायचं असतं. < > मध्ये दिसतो तो मागचा आकडा, तोच चालत असेल तर नुसतं एंटर. ती पट्टी गायब झाली असेल तर कंट्रोल आणि ९. मला आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्यांचं उत्तर त्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पण बघणार कोण, सगळ्यांचं लक्ष वरच्या रंगीत आयकॉनवर!

प्रश्न : मनीषनगरला आमचा ३० बाय ५० चा प्लॉट आहे. आर्किटेक्टकडे जायच्या आधी माझ्या मनासारखा नकाशा काढून न्यावा म्हणून यूट्यूबवर पाहून शिकून राहिली आहे. ३०,५० चा रेक्टँगल काढला, ९ इंची भिंतीसाठी ऑफसेट (तसाच समांतर आयत) ९ आत घेतला, तर आत इतकुशी जागा उरली. हॉल कुठे बसवू आता?
– एक गृहिणी

उत्तर : ताई, आत १२ बाय ३२ उरलं असेल. कारण तुमचे ३० म्हणजे फूट आणि ९ म्हणजे इंच, हे फक्त तुम्हालाच माहीत आहे, सॉफ्टवेअरला नुसते आकडे दिसले. त्याने ९ फुटांची भिंत बांधून दिली, किल्ल्याची असते तशी!

यूएन एंटर करा, लेंथचा टाइप आर्किटेक्चरल निवडा. आता एक युनिट म्हणजे एक इंच. फुटाला ' चं चिन्ह लावायचं, इंचाला काही नाही लावलं तरी चालतं. नवीन रेक्टँगल काढायचा तर आरईसी, एक कोपरा क्लिक, मग @३०',५०'. आधीचाच वापरायचा असेल तर आतली चुकीची भिंत डिलीट करा, एससी एंटर, बाहेरचा आयत निवडा, एक कोपरा धरा आणि १२ टाका, फुटांचे इंच झाले. मग सगळं स्क्रीनच्या बाहेर जाईल, घाबरू नका, झेड एंटर, ई एंटर, परत दिसतं.

अजून एक, ३० बाय ५० ही प्लॉटची हद्द झाली, घर नाही. चारही बाजूंनी नियमाप्रमाणे जागा सोडावी लागते, ती किती ते आर्किटेक्टला विचारा आणि मग आत घराचा आयत काढून त्याला ऑफसेट ९ घ्या. आतल्या भिंती साडेचार इंची धरल्या तरी चालतात, ऑफसेट ४.५.

प्रश्न : उभी नोकरी ड्रॉइंग बोर्डवर गेली, आता नातवाच्या कॉम्प्युटरवर शिकतो आहे. कोणत्या स्केलने काढायला सुरुवात करावी?
– निवृत्त ड्राफ्ट्समन, महाल

उत्तर : काका, कोणत्याच नाही. भिंत ५ मीटरची असेल तर ५००० मिलिमीटरच टाकायची, स्केल कागदावर छापताना लेआउटमध्ये, म्हणजे छपाईच्या पानावर, लावायचं. ए३ कागद ४२० बाय २९७, म्हणजे १:१०० ला त्यावर ४२ मीटर बाय २९.७ मीटरचं काम बसतं, मार्जिन सोडून थोडं कमी. बोर्डवर जो गुणाकार-भागाकार तुम्ही आधी करायचात तो इथे शेवटी, आणि तोही मशीन करतं. तुमची नजर तयार आहे त्यामुळे नातवाच्या चुका तुम्हीच काढाल.

प्रश्न : कॉलेजमध्ये ट्रिम करताना टीआर, एंटर, एंटर असं शिकवलं. माझ्या लॅपटॉपवर दुसऱ्या एंटरला कमांडच बंद होते. व्हर्जन २०२२ आहे.
– डिप्लोमाची विद्यार्थिनी, नंदनवन

उत्तर : २०२१ च्या व्हर्जनपासून ट्रिम बदललंय. आधी दुसऱ्या एंटरने "सगळ्याच रेघा कापणाऱ्या धर" असं सांगावं लागायचं, आता ते आपोआप धरलेलं असतं, म्हणून टीआर, एकच एंटर, आणि जो तुकडा उडवायचा त्यावर क्लिक. जुनीच पद्धत हवी असेल तर ट्रिमएक्स्टेंडमोड हे व्हेरिएबल इंग्रजीत सलग टाइप करून ० द्या. पण कशाला, नवीनच बरी आहे.

प्रश्न : मुलगा पॉलिटेक्निकला आहे. मित्राकडून क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर आणतो म्हणते. आणू द्यावं का?
– एक आई, सदर

उत्तर : नको ताई, त्याच्यासोबत व्हायरसही घरात येतो आणि गरजही नाही. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड फुकट वापरायला देतं, कॉलेजमध्ये शिकत असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि दर वर्षी रिन्यू करावं लागतं. लॅपटॉप जुना, कमी रॅमचा असेल तर लिब्रेकॅड टाका, ते कायमचं फुकट आहे, टू-डीच आहे पण लाइन, सर्कल, ट्रिम, ऑफसेट सगळं त्यात शिकता येतं. फाइल डीएक्सएफमध्ये सेव्ह करायला सांगा, कॉलेजच्या ऑटोकॅडमध्ये ती उघडते.