ल्युपस, राजीनामा आणि सहा लाखांची ठेव

नागपूरच्या मानेवाडा भागातील एका भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वय ३६, मिहानमधील एका कंपनीत ११ वर्षे नोकरी, हातात येणारा पगार ५८ हजार, मूळ वेतन ३० हजार. गेल्या वर्षी ल्युपसचे निदान झाले. यजमान शिकवणीवर्ग चालवतात आणि त्यातून महिन्याला सरासरी ४० हजार सुटतात. घरकर्जाचे १७ लाख बाकी असून व्याज ८.४ टक्के व हप्ता १९,५०० आहे. घरखर्च ३२ हजार, औषधे आणि तपासण्या ४,५००. बँकेत साडेसहा टक्क्यांची सहा लाखांची ठेव आहे. आता तब्येत सुधारली आहे, तेव्हा ठेव मोडून कर्ज कमी करावे, नोकरी सोडावी आणि दोन वर्षे विश्रांती घेऊन पूर्ण बरे व्हावे, असा त्यांचा विचार आहे.

ताई, तुमच्या योजनेचा पाया त्या ‘दोन वर्षांवर’ उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. ल्युपस हा स्वयंप्रतिकार आजार आहे. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, प्रसंगी मूत्रपिंडांवर उलटते. औषधांनी तो आटोक्यात राहतो, कित्येकांना वर्षानुवर्षे काही त्रास होत नाही, परंतु तो मुळापासून बरा करणारा उपाय आज उपलब्ध नाही आणि बरे वाटू लागले म्हणून गोळ्या परस्पर बंद केल्यास तो उसळण्याचा धोका वाढतो. उपचारांविषयी तुमचे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण. मला त्यातून आर्थिक निष्कर्ष एवढाच काढायचा आहे की हा दोन वर्षांचा खर्च नसून कायमचा आणि अनियमित खर्च आहे. दहा महिने साडेचार हजारांत भागेल आणि अकराव्या महिन्यात लघवीतून प्रथिने जाऊ लागली, म्हणजे आजार मूत्रपिंडांवर गेल्याची खूण दिसली, तर बायोप्सी, भरती आणि महागडी इंजेक्शने एकदमच समोर उभी राहतील.

आता हिशेब पाहू. सहा लाख भरले तर कर्ज ११ लाखांवर येईल. हप्ता तोच ठेवला तर जवळपास सव्वाअकरा वर्षांची मुदत सहा वर्षांवर येईल, हे खरोखरच मोहात पाडणारे आहे. परंतु त्याने महिन्याचा भार एका रुपयानेही हलका होत नाही. बँकेला सांगून मुदत तीच ठेवली तर हप्ता १२,६०० च्या आसपास येईल. तरीही यजमानांच्या ४० हजारांतून हप्ता आणि औषधे वजा जाता घरासाठी २२,९०० उरतात आणि गरज आहे ३२ हजारांची. म्हणजे दरमहा नऊ हजारांची तूट, आणि ती भरून काढणारी ठेव तर कर्जात गेलेली. शिवाय ४० हजार ही सरासरी झाली. शिकवणीचे उत्पन्न एप्रिल-मेमध्ये आटते, आणि ऊन हा ल्युपस भडकण्याचे एक कारण असल्याने नागपुरात तेच महिने तुम्हाला सर्वांत जड जाणारे आहेत.

ठेव तशीच ठेवण्याची किंमत म्हणजे कर्जाच्या आणि ठेवीच्या व्याजातला फरक. तो वर्षाला ११,४०० रुपये होतो, त्यात ठेवीच्या व्याजावरचा कर मिळवा. अडीअडचणीला सहा लाख हाताशी राहतात, हे पाहता मला ही किंमत रास्त वाटते. ती कमी करण्याचा एक मार्गही आहे. तुमची बँक ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे घरकर्ज देते का, याची चौकशी करा. त्यात जादा भरलेल्या रकमेवर व्याज लागत नाही आणि गरज पडली की ती काढता येते. दर थोडा जास्त असतो आणि कर्ज वर्ग करण्याचे शुल्क लागू शकते. ते पाहूनच ठरवावे.

नोकरीचा प्रश्न मात्र पगारापेक्षा विम्याचा अधिक आहे. कंपनीच्या सामूहिक विम्याचे पाच लाखांचे कवच तुम्हाला आहे, आणि अशा बहुतेक पॉलिसींमध्ये आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. राजीनामा दिल्यावर बाहेर नवी पॉलिसी मागायला गेलात तर विमा कंपनी नकार देऊ शकते, किंवा ल्युपससाठी ३६ महिन्यांपर्यंत प्रतीक्षाकाल लावू शकते, म्हणजे तेवढा काळ त्या आजाराचा दावा मिळत नाही. एप्रिल २०२४ पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती, ती आता तीनवर आली आहे, तरी तीन वर्षे कमी नाहीत. सामूहिक विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची तरतूद आहे आणि आधी काढलेल्या प्रतीक्षाकालाचे श्रेय मिळते. मात्र विमा कंपनी प्रकृती तपासून अटी ठरवते. म्हणून हा अर्ज नोकरीत असतानाच, एचआरमार्फत, लेखी करावा आणि उत्तर हाती आल्याशिवाय राजीनामा देऊ नये.

तुम्ही लिहिता की एका एजंटाने ‘फॉर्ममध्ये ल्युपस लिहूच नका, पाच वर्षांनी कोणी विचारत नाही’ असे सुचवले. तो अर्धवट सांगतो आहे. ६० महिने सलग हप्ते भरल्यानंतर माहिती लपवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही हे खरे, परंतु फसवणूक सिद्ध झाल्यास हे संरक्षण उरत नाही, आणि ती पाच वर्षे संपण्याआधीच तुम्हाला भरती व्हावे लागले तर हातात काहीच नाही. अशा एजंटाकडून दुसरी कोणतीही पॉलिसीसुद्धा घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सध्याच्या पॉलिसीची प्रत एचआरकडून मागवून एक गोष्ट नीट वाचा. वर म्हटलेली महागडी इंजेक्शने, म्हणजे रिटुक्सिमॅबसारखी मोनोक्लोनल अँटिबॉडीची औषधे, विमा नियामकाने ठरवलेल्या आधुनिक उपचारांच्या यादीत आहेत, पण विमा कंपन्या त्यांवर उपमर्यादा, म्हणजे एकूण कवचापेक्षा कमी अशी वेगळी मर्यादा, ठेवू शकतात. रुग्णालयात डे-केअरमध्ये दिलेल्या इंजेक्शनचा दावा मिळू शकतो. घरी टोचून घेतलेल्याचा बहुधा मिळत नाही. तुमच्या रोजच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या ओपीडीत मोडतात, तो खर्च खिशातूनच होणार. करसवलतीची फार आशा धरू नका. विशिष्ट आजारांच्या खर्चाची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, पण त्या यादीत ल्युपस नाही.

यजमान आणि मुलीसाठी वेगळी कौटुंबिक पॉलिसी मात्र लगेच घ्या. दोघेही निरोगी आहेत आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावर जीएसटी नाही. तुमचा आधीचा टर्म विमा कोणत्याही कारणाने बंद पडू देऊ नका, निदानानंतर तसा पुन्हा मिळणे कठीण आहे.

तुमच्या पत्रातला खरा त्रास मला वेगळाच दिसला. दुसऱ्या पाळीसाठी दुपारी दीड वाजता तोंडाला स्टोल बांधून स्कुटीने मिहान गाठायचे आणि रात्री अकराला परतायचे. त्यावर ५८ हजारांचा पगार सोडणे हा फार महागडा उपाय आहे. डॉक्टरांचे पत्र जोडून सकाळची पाळी किंवा आठवड्यातून काही दिवस घरून काम मागा. ते होईपर्यंत कॅबवर महिन्याला सात-आठ हजार गेले तरी चालतील. विश्रांती हवीच असेल तर राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा विचारा, मात्र त्या काळात सामूहिक विमा चालू राहतो का, हे आधी लेखी घ्या.

वैयक्तिक पॉलिसी ल्युपससह मंजूर झाली आणि यजमानांचे उत्पन्न ५५-६० हजारांवर स्थिरावले, तर नोकरी सोडायला माझी हरकत नाही. तेव्हा ग्रॅच्युइटीचे सुमारे १ लाख ९० हजार मिळतील. ते ठेवीत घालावेत. पीएफ मात्र काढू नका. दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्याने ५८ व्या वर्षापासूनच्या पेन्शनचा तुमचा हक्क तयार झाला आहे, त्यासाठीचे स्कीम सर्टिफिकेट नोकरी सोडताना मागून घ्या.