पहिला फोन लावण्याआधी

स्वागत! अथेन्सचं सामुदायिक वायरलेस जाळं 2002 पासून उभं आहे आणि फोनसेवाही स्वयंसेवकच चालवतात, त्यामुळे बिनधास्त विचारत जा. सुरुवातीला एवढंच करा:

1. स्वतःचा अ‍ॅस्टरिस्क सर्व्हर (फोन जोडून देणारं एक्सचेंज-सॉफ्टवेअर) आत्ताच नको. जवळच्या नोडवाल्याकडून (नोड म्हणजे जाळ्याला जोडलेलं ठिकाण) एक्स्टेन्शन, म्हणजे जाळ्यातला फोन नंबर, घ्या, मोबाइलवर लिनफोन हे कॉलचं अ‍ॅप टाका आणि शेजारच्या नोडला फोन लावून बघा.

2. आवाज तुटला की नवे लोक बँडविड्थ वाढवायला धावतात. खरं तर जी.711 कोडेकला (आवाज डिजिटल करून पाठवायची पद्धत) एका दिशेने सेकंदाला जेमतेम 90 किलोबिट लागतात. पण दर सेकंदाला डेटाची 50 छोटी पॅकेट्स जातात, तेवढीच परत येतात, आणि ती वेळेवर पोचावी लागतात. म्हणून स्पीड टेस्ट सोडा. कोणी मोठी फाइल उतरवत असताना शेजारच्या नोडला पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा; आकडे 5 वरून 200 मिलिसेकंदांवर उडत असतील तर दोष लिंकमध्ये आहे. आधी गच्चीवरचा अँटेना नीट रोखा.

3. एक्स्टेन्शनचा पासवर्ड 1234 ठेवू नका. आपलं जाळं आहे म्हणून गाफील राहणं ही नेहमीची चूक.

आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा: रुग्णवाहिकेसाठी 112 साध्या मोबाइलवरूनच लावायचा, जाळ्यावरच्या या फोनवरून नाही.

राउटिंगचं (डेटाने कोणत्या वाटेने जायचं ते) नंतर बघू. पहिला फोन लागला की कळवा, मी वाट बघतोय.