वाचकांचे प्रश्न : लाकडी पेनला रंग देताना

प्रश्न : मी निवृत्तीनंतर लहान लेथवर शिवणीच्या लाकडाची पेने घडवू लागलो आहे. स्पिरिटमध्ये विरघळणारा निळा रंग आणून एका पेनला दिला, तर तो हिरवट दिसू लागला, काही ठिकाणी लाकूड पांढरेच राहिले, आणि वरून फ्रेंच पॉलिशचा बोळा फिरवताच निम्मा रंग बोळ्याला लागला. रंग निकृष्ट होता की माझे काही चुकले? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : रंगाला दोष देण्याचे कारण दिसत नाही. ऑइलपेंटमधील रंगद्रव्याचे कण लाकडावर थर धरून बसतात आणि खालचे लाकूड झाकून टाकतात. आपण वापरलेला रंग मात्र पूर्णपणे विरघळलेला असल्यामुळे तंतूंमध्ये मुरतो आणि पारदर्शक राहतो. म्हणूनच लाकडाच्या रेषा त्यातून खुलून दिसतात, पण त्याच कारणाने लाकडाचा मूळ रंगही त्यात मिसळतो. शिवणीचे लाकूड फिकट पिवळसर असते आणि पिवळ्यावर निळा पडला की हिरवट छटा येणारच. निळ्या द्रावणात लाल रंगाचे अगदी एक-दोन थेंब मिसळले तर हा हिरवटपणा बराच मारला जातो. प्रमाण मात्र त्याच लाकडाच्या उरलेल्या तुकड्यावर ठरवावे, पेनवर नव्हे.

पांढरे राहिलेले डाग बहुधा गोंदाचे असावेत. पेनच्या लाकडाला पाडलेल्या भोकात पितळी नळी बसवताना सायनोअॅक्रिलेट, म्हणजे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद वापरला आणि तो टोकाशी बाहेर आला किंवा एखादी बारीक चीर भरण्यासाठी वरून सोडला, तर तो जिथे मुरतो तिथे लाकडाची छिद्रे बंद होतात व रंगाला आत शिरायला वाटच राहत नाही. असा भाग रंगापूर्वी ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे स्पिरिटचा हात फिरवून पाहणे : उघडे लाकूड ओले होऊन गडद होते, गोंदाचा डाग तसाच फिकट राहतो.

फ्रेंच पॉलिशची गोष्ट अगदी सरळ आहे. ते पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आपला रंगही स्पिरिटमध्येच विरघळणारा, त्यामुळे बोळ्यातील स्पिरिटने सुकलेला रंग पुन्हा सुटा केला. रंग ज्या द्रवात विरघळतो, त्याच द्रवातील पॉलिश त्यावर घासू नये, एवढे पथ्य पाळावे. फ्रेंच पॉलिशच करायचे असेल तर पाण्यात विरघळणारा रंग घ्यावा. तो वाळायला वेळ लावतो, आणि पाण्याने लाकडाचे तंतूही उभे राहतात, म्हणून आधीच ओल्या फडक्याने पेन पुसून, पूर्ण वाळवून, ४०० नंबरच्या पॉलिशपेपरचा हलका हात द्यावा. मग रंगाने पुन्हा फारसे तंतू उठत नाहीत. स्पिरिटचाच रंग ठेवायचा असल्यास वर सायनोअॅक्रिलेटचे पातळ थर द्यावेत. हा गोंद लावण्यासाठी सुती कापड कधीही वापरू नये, कारण सुतावर तो इतक्या वेगाने तापतो की बोटे भाजतात. कागदी नॅपकिन वापरावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

घासण्याबाबत आणखी थोडे, कारण लेथवर काम करणाऱ्या बहुतेकांची चूक इथेच होते. फिरत्या पेनवर पॉलिशपेपर धरला की ओरखडे आडवे, म्हणजे तंतूंना छेद देणारे पडतात. कोऱ्या लाकडावर ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण रंग त्यांत साचून काळसर वळी उमटतात. म्हणून प्रत्येक नंबरचा कागद झाल्यावर लेथ थांबवून पेन लांबीच्या दिशेने हाताने घासावे. रंगापूर्वी ३२० नंबरपर्यंत जाणे पुरेसे असते. त्याहून गुळगुळीत केलेले लाकूड रंग कमी पिते. आणि पेनच्या बाबतीत एक अडचण टेबल-खुर्चीला नसलेली आहे : धातूच्या कडीशी पेनची जाडी तंतोतंत जुळावी लागते, त्यामुळे रंग बिघडला तर खरवडून पुन्हा सुरुवात करायला लाकूडच उरत नाही. म्हणून पहिला हात पातळ द्रावणाचा द्यावा आणि गडदपणा हळूहळू वाढवावा.

प्रश्न : बाजारचा रंग न वापरता पेन काळे करता येईल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : येईल, आणि उत्तम येईल. लोखंडी तारांची जुनी घासणी (स्टेनलेसची नव्हे) व्हिनेगरमध्ये काही दिवस बुडवून ठेवावी, झाकण सैल ठेवावे, मग पाणी गाळून घ्यावे. लाकडाला आधी हिरड्याचा दाट काढा लावून वाळू द्यावा आणि त्यावर हे लोहपाणी फिरवावे. काही मिनिटांतच लाकूड करड्यातून काळ्याकडे जाते. हिरड्यातील टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा हा रंग आहे. युरोपात शतकानुशतके वापरली गेलेली माजूफळ (यातही टॅनिन असते) व हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई याच संयोगाने काळी होत असे, तेव्हा पेनला तो शोभूनही दिसतो. हळदीच्या मोहात मात्र पडू नये. तिचा पिवळा रंग उन्हात लवकर उडतो.

प्रश्न : चन्नपट्टणच्या खेळण्यांसारखा लाखेचा रंग पेनला चालेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण ती कला वेगळी आहे. तिथे रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते, आणि केवड्याच्या पानाने तिला तकाकी आणतात. रंग मुरत नाही, वर बसतो, त्यामुळे लाकडाच्या रेषा झाकल्या जातात. पेन सतत हातात राहते, म्हणून एक सावधगिरी सांगतो : स्पिरिटयुक्त सॅनिटायझर लावलेल्या ओल्या हाताने असे पेन धरले, तर लाख विरघळून चिकट होते व तकाकी जाते. भर उन्हात बंद गाडीतही ते ठेवू नये.