वायपरखालची चिठ्ठी पुरेशी नाही

प्रश्न : पुण्यात गाडी मागे घेताना रस्त्याकडेला उभ्या कारला माझा बंपर लागला. मालक दिसेनात, म्हणून नाव-नंबराची चिठ्ठी वायपरखाली ठेवून निघालो. आता ते अख्खी डावी बाजू रंगवून मागताहेत. पोलिसांत जायला हवं होतं का? पैसे रोख देऊ का?

उत्तर : चिठ्ठी ठेवलीत हे चांगलंच केलंत, पण कायद्याचं काम तेवढ्यावर भागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम १३४ जखमींपुरतंच आहे असं बरेच जण धरून चालतात. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरी ते लागू होतं. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात २४ तासांच्या आत माहिती द्यायची, आणि विमा कंपनीला पॉलिसी क्रमांक, तारीख, वेळ, ठिकाण, चालकाचं नाव व परवान्याचा तपशील लेखी कळवायचा. हे टाळल्यास कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुदत उलटली असली तरी आजच जा आणि नोंदीचा क्रमांक मागून घ्या. चुकून लागलेला धक्का म्हणजे 'आगळीक', म्हणजे दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान करण्याचा गुन्हा, नव्हे; त्या गुन्ह्याला हेतू किंवा जाणीव लागते. भरपाई मात्र द्यावीच लागते.

ती किती, हे पत्र्यावरच वाचता येतं. ताज्या ओरखड्यात उघडा पत्रा किंवा प्रायमर स्वच्छ दिसतो, कडेला तुमच्या गाडीचा रंग लागलेला असतो. जुन्यात गंज आणि धूळ बसलेली असते. जमिनीपासून ओरखड्याची उंची मोजा, ती तुमच्या बंपरशी जुळायला हवी. जिथे जुळते तेवढ्याच पॅनेलचा खर्च तुमचा. हे मोजमाप मालकांच्या समोर करा आणि फोटो काढा.

रोख देण्याआधी थांबा. कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करू नये, पैसे देऊ नयेत, अशी अट पॉलिसीत असते; आधी देऊन टाकलेत तर ते परत मिळणं कठीण. खाजगी कारच्या पॉलिसीत दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारण ७.५ लाखांचं संरक्षण असतं. हप्ता वाचवायला ते कमी करून घेतलं असेल तर फक्त ६,०००, म्हणून पॉलिसी आधी वाचा. असा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातो आणि वेळ खातो. त्यामुळे नुकसान थोडं असेल आणि विम्यावर पाणी सोडायची तयारी असेल, तर आपसात मिटवणं मला योग्य वाटतं. पैसे गॅरेजला थेट, पक्क्या बिलावर द्या आणि मालकांकडून दोन्ही गाड्यांचे नंबर, तारीख, रक्कम व 'पूर्ण आणि अंतिम भरपाई मिळाली' असं लिहून सही घ्या.

प्रश्न : ती गाडी नो पार्किंगमध्ये होती. मग जबाबदारी त्यांचीच ना?

उत्तर : नाही. पार्किंगचा दंड त्यांचा, धक्का तुमचा. वळणावर किंवा अंधारात दिसणार नाही अशी गाडी उभी केल्यामुळेच धडक झाली, हे तुम्ही दाखवू शकलात तर भरपाईतला काही हिस्सा कमी होऊ शकतो. त्यासाठी गाडी हलवण्याआधीचे फोटो लागतील.