लहान शिडाच्या होडीतून महिनाभराचा समुद्र ओलांडल्यावर जमीन जवळ आली हे कळतं कसं? आणि ती दिसल्यावर सगळे आनंदाने ओरडतात का?

पहिल्या प्रश्नाचं आजच्या काळातलं उत्तर सोपं आहे : जीपीएस सांगतो. किनारा किती सागरी मैलांवर आहे, या वेगाने कधी पोचणार, सगळं पडद्यावर असतं. पण महिनाभर चहूकडे नुसतं पाणी पाहिल्यावर नुसत्या आकड्याने मनाचं समाधान होत नाही. माणूस खुणा शोधत राहतो, आणि शोधाव्यातच.

मी सोलापूरची. आमच्या गावापासून समुद्र सरळ रेषेतही पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढे, मोठं पाणी म्हणजे उजनी. नौदलातून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांच्या ३८ फुटी होडीवर, चौघांतली एक म्हणून, मी मॉरिशसच्या पोर्ट लुईहून गोव्याला आले. अंतर सुमारे २,३०० सागरी मैल. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी थोडा हिशेब, कारण जमीन लांबूनच दिसत असेल असा बहुतेकांचा समज असतो. लहान होडीत डोळे पाण्यापासून दोनेक मीटर उंचीवर असतात. तिथून क्षितिज जेमतेम ३ सागरी मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. सपाट बेट असेल तर त्यावरची माडाची झाडं अगदी जवळ गेल्यावरच दिसायची. डोंगर असला तर त्याच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढायचं, २.०८ ने गुणायचं आणि त्यात आपले ३ मिळवायचे. १०० मीटरची टेकडी २३-२४ मैलांवरून दिसते. ८०० मीटरचा सह्याद्री या हिशेबाने ६० मैलांवरून दिसायला हवा. पण एप्रिल-मेमध्ये त्या किनाऱ्यावर हवा इतकी धूसर असते की आम्हाला तो दिसलाच नाही.

आधी बदललं ते पाणी. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर समुद्रबूड जमीन बरीच आत पसरलेली आहे. तिच्यावर आलो की खोली हजारो मीटरवरून दोनशे मीटरच्या आत येते, आणि गर्द निळा रंग हळूहळू हिरव्याकडे झुकतो. मग एका सकाळी शिडावर एक चतुर येऊन बसला. तो पाहून मला जे झालं ते सांगायला शब्द कमी पडतील. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जमिनीवरचा जीव दिसत होता. त्या रात्री मासेमारी बोटींचे दिवे दिसू लागले. एक-दोन नाही, रांगच्या रांग.

पॅसिफिकमधले जुने दर्यावर्दी यंत्राशिवाय हे सगळं वाचत. नॉडी आणि पांढरे सुरय हे समुद्रपक्षी सकाळी बेटावरून वीस-पंचवीस मैल बाहेर मासे धरायला जातात आणि संध्याकाळी घरी परततात. संध्याकाळी ते ज्या दिशेला सरळ उडत जातील, तिकडे जमीन. आकाशातले बाकीचे ढग सरकत असताना एखादा एकाच जागी थांबलेला दिसला तर त्याच्याखाली बेट असण्याची शक्यता मोठी. उथळ खाजणावरच्या ढगाचं पोट हिरवट दिसतं. हे ज्ञान शेकडो वर्षं तोंडी टिकलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता ओरडण्याबद्दल. वारीत वेळापूरजवळ ‘धावा’ होतो, तो आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना माहीत असतो. तुकोबांना तिथून पंढरपूरचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी श्रद्धा आहे. म्हणून आजही वारकरी तिथे धावतात. समुद्रावर मनाची अवस्था तशीच होते, पण तिथे धावायचं नसतं. भर समुद्रात लहान होडीला आपटायला काही नसतं. खडक, उथळ पाणी, जाळी, मोठ्या जहाजांची वर्दळ हे सगळं किनाऱ्याजवळ असतं, आणि नेमकी तेव्हाच माणसं थकलेली असतात. १७०७ साली इंग्लंडचं आरमार घरी परतताना सिली बेटांच्या खडकांवर आदळलं. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला होता. एका रात्रीत चार जहाजं गेली. उलट कोलंबसच्या ताफ्यातल्या ‘पिंटा’वरून १२ ऑक्टोबर १४९२ रोजी पहाटे दोनच्या सुमारास जमीन दिसली, तेव्हा शिडं उतरवून ते उजाडेपर्यंत थांबले. इतक्या ओढीनंतर तो संयम मला मोठा वाटतो.

आम्हीही थांबलो. किनारा पंचवीस मैलांवर असताना पुढचं छोटं शीड वाऱ्याकडच्या बाजूला ओढून बांधलं आणि सुकाणू वळवून अडकवलं, की होडी जवळजवळ जागेवर डोलत राहते. खाली नांगराची साखळी मोकळी करून ठेवली. गोव्याच्या आग्वाद दीपगृहाचा दिवा अजून क्षितिजाखाली होता, पण त्याचा उजेड आकाशात फिरताना दिसत होता. पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा सुटला आणि वास आला. कोकणात त्या दिवसांत शेतात राब भाजतात, तसला धूर, त्यात तापलेली माती. रात्रभर पहाऱ्यावर असलेले आमचे कप्तान काका काही न बोलता रडत होते. ओरडलं कोणीच नाही.

आणि आनंदाबरोबर एक हुरहूरही असते, ती लपवायचं कारण नाही. १९६८-६९ च्या एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ३१२ दिवसांनी इंग्लंडमधल्या फालमथला परतले. त्यांची ३२ फुटी ‘सुहेली’ आपल्या मुंबईत सागवानात बांधलेली. त्याच शर्यतीत बर्नार मॉतेसिए मात्र युरोपकडे वळलेच नाहीत, पुढे ताहितीला गेले. पूर्वी मला ते विचित्र वाटायचं. आग्वादची टेकडी उन्हात स्पष्ट होत गेली, तसं मला त्यांचं बरंच समजलं. चार माणसांचं, ठरलेल्या पहाऱ्यांचं, साधं जगणं तिथे संपत होतं.

परदेशातून आल्यावर लगेच उतरता येत नाही, हेही लक्षात ठेवा. पिवळा झेंडा चढवायचा, म्हणजे ‘होडीवर सगळे निरोगी आहेत, प्रवेशाची परवानगी द्या.’ आरोग्य, कस्टम्स, इमिग्रेशन झालं की पाय जमिनीवर. मग ती जमीन हलते. शरीराला लाटेची सवय झालेली असते, तोल सांभाळणारा मेंदू तिचाच हिशेब धरून बसतो. बहुतेकांचं एक-दोन दिवसांत थांबतं. माझं सोलापूरला घरी पोचेपर्यंत चालू होतं. आंघोळीला डोळे मिटले की भिंत धरावी लागे.