अडतिसाव्या वर्षी दहावी

प्रश्न : माझे वय 38 आहे. आठवी पास झाल्यावर लग्न झाले आणि शाळा सुटली. आता मी एका शिवणकामाच्या कारखान्यात काम करते. तेथे सुपरवायझरच्या जागेसाठी दहावीची अट आहे. माझी मुलगी नववीत असून तिच्या वहीतले गणित पाहिले की मला धडकी भरते. नोकरी सांभाळून मला दहावी करता येईल का?
— एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, नक्की करता येईल, आणि वयाची वरची मर्यादा कोठेही आड येत नाही. रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सेवासदन सुरू केले ते शाळेचे वय उलटून गेलेल्या स्त्रियांना शिकता यावे यासाठीच, तेव्हा तुमची वाट नवी नाही.

आपल्या राज्य मंडळाची परीक्षा बाहेरून देण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात अभ्यासक्रम मुलीचाच असेल, पण गणितही आलेच. म्हणून तुमच्यासाठी मी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा मार्ग सुचवीन. ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि दहावीला मराठी माध्यमही आहे. किमान एक भाषा धरून पाच विषय निवडायचे असतात, त्यात गणित घेतलेच पाहिजे असे नाही. मराठी, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र अशी निवड करता येते. मात्र पुढे एखादा तांत्रिक अभ्यासक्रम करण्याचा विचार असेल, तर त्याची पात्रता आधी पाहून मगच गणित सोडावे.

दुसरी मोठी सोय वेळेची आहे. नोंदणी पाच वर्षे चालते, परीक्षा वर्षातून दोनदा होते, आणि उत्तीर्ण झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. दिवसभर मशिनवर बसून घरी आल्यावर पाच पुस्तके एकदम उघडण्याचा हट्ट करू नका. पहिल्या परीक्षेला मराठी आणि गृहविज्ञान एवढेच द्या. दोन विषय सुटले की उरलेल्या तिघांची भीती निम्मी होते.

आता कागदपत्रांकडे वळू, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतील बहुतेक अडचणी येथेच असतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, असे तुमचेही असेल. गुणपत्रिकेवर कोणते नाव हवे ते अर्ज भरण्यापूर्वीच ठरवा, विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातील नावबदल हाताशी ठेवा, आणि जन्मतारीख दोन्ही कागदांवर एकच आहे ना, हे आकडा न् आकडा जुळवून पाहा. मूळ दाखला हरवला असेल, तर जुन्या शाळेत जाऊन द्वितीय प्रत मागावी. जनरल रजिस्टरमध्ये तुमची नोंद असते.

परीक्षा न देता दहावीचे प्रमाणपत्र मिळवून देतो असे सांगणारा एजंट भेटला, तर त्याला एक पैसाही देऊ नका. अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अभ्यासकेंद्रावरच भरा, आणि तो भरताना मुलीला शेजारी बसवा, म्हणजे नावाचे स्पेलिंग ती तपासून देईल.